आयांची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी मुलुंड येथे केलेले भाषण. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



वर्धापनदिनाला बाहेरच्या वक्त्या बोलवाव्यात, त्यांना श्रीफळ द्यावे आणि आपण समोर बसून ऐकावे, अशी आपल्या मंडळाची जुनी रीत. यंदा कार्यकारी मंडळाने ती मोडली आणि घरच्याच बाईला उभे केले. माझ्या हातून आजवर मंडळाचे हिशेब लिहून झाले, सहलीच्या डब्यांची यादी झाली, हळदीकुंकवाच्या वाणांची खरेदी झाली. भाषण मात्र कधी झाले नाही. तेव्हा चुकलेमाकलेले पदरात घ्यावे.

विषय दिला आहे ‘आयांची वही’. नव्या सभासदांपैकी एकीने मला विचारले, बालवाडीतल्या आयांच्या हजेरीची वही का हो? तसे नव्हे. ही आपल्यासारख्या, मुले वाढवणाऱ्या आयांची वही. सध्या तिचा चौथा भाग चालू आहे. गेल्या बैठकीत मात्र असा प्रश्न निघाला की, ही वही आता पुरे करावी. घरातल्या गोष्टी लिहून ठेवणे बरे दिसत नाही, त्यातून कटकटी होतात, असे काही भगिनींचे म्हणणे पडले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. का, ते मी पुढे सांगणारच आहे. तरीही वही चालू राहावी असे मला वाटते, आणि तेवढ्याचसाठी मी आज उभी आहे.

वही सुरू कशी झाली ते आधी सांगते. 2020 सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. गाड्या बंद पडल्या, मंडळाच्या खोलीला कुलूप लागले. आपल्या भागात त्या काळात कितीतरी सुना बाळंत झाल्या. एरवी पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी जाते, नाही तर आई इकडे येते. त्या साली कोणाची आई रत्नागिरीला अडकली, कोणाची भूजला, कोणाची पालघाटला. शेकशेगडी नाही, बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई नाही, बारशाला चार बायका नाहीत. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर खोली उघडली तेव्हा या मुली कडेवर मुले घेऊन आल्या. आल्या त्या भरतकामाच्या वर्गाला, पण सुईत दोरा ओवायच्या आधीच एकमेकींना विचारू लागल्या: तुझा रात्री झोपतो का? तुझी जेवते का? माझ्या अंगावर येतो गं सगळा दिवस, तुझ्या येतो का?

वर्ग दीड तासाचा. बोलणे कधी पुरे व्हायचे नाही. शिवाय चारचौघींत सगळे बोलवतही नाही. तेव्हा आपल्या चिटणीसबाईंनी स्टेशनसमोरच्या दुकानातून दोनशे पानांची एक लांब वही आणली, तिला तपकिरी कागदाचे वेष्टन घातले आणि सांगितले की, ही वही पाळीपाळीने घरी न्या, चार दिवस ठेवा, मनात असेल ते लिहा. डावे पान लिहिणारीचे. उजवे पान कोरे सोडायचे. पुढे जिच्या घरी वही जाईल तिला काही सांगायचे असेल तर ते त्या पानावर. नाव घालायचे नाही. ‘एक आई, मुलगा सात महिन्यांचा’ एवढी सही पुरे.

हे काही आपण नवे काढले असे नाही. 1930 साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघाले. 1989 साली विद्याताई बाळ यांनी पुण्याहून ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले, तेही बाईने आपल्या शब्दांत आपले सांगावे म्हणूनच. फरक इतकाच की आपली वही छापखान्यात जात नाही. ती पिशवीतून, जिन्याने, एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

आता आपले मुलुंड कसे आहे ते तुम्हांला मी सांगायला नको. एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मध्ये सगळा हिंदुस्थान. कोकणातले आहेत, घाटावरचे आहेत, कच्छी आणि गुजराती आहेत, तामिळ आणि मल्याळी आहेत, फाळणीनंतर कॉलनीत येऊन वसलेले सिंधी आणि पंजाबी आहेत. जिन्यात भेटलो की आपण एकमेकींना हसतो, दिवाळीला ताट देतो, आणि दार लावून घेतो. कोणाच्या घरात काय शिजते ते वासावरून कळते. कोणाच्या मनात काय शिजते ते कळायला मार्ग नसतो. पहिल्या वहीत मी मोजून पाहिले. पाच लिप्या होत्या. जिला लिहिता येत नव्हते तिने दुसरीकडून लिहून घेतले. त्यांत एक आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई होत्या. त्यांनी सांगितले आणि मी लिहिले: ‘मी दुसऱ्यांची पोरे झोपवून येते तेव्हा माझी झोपलेली असतात.’ त्यावर उजव्या पानावर, रोज अंधेरीला नोकरीला जाणाऱ्या एका बाईने लिहिले, ‘माझीही.’ त्या दोघी त्याआधी वर्षभर एकाच जिन्यात एकमेकींना ओलांडून जात होत्या.

वहीने काय झाले याचा एक दाखला देते. एका आईने लिहिले, ‘मुलगा अडीच वर्षांचा झाला, अजून एक शब्द बोलत नाही. घरचे म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला.’ उजव्या पानावर बऱ्याच जणींनी धीर दिला: बोलेल हो, मुलगे उशिराच बोलतात. मी स्वतः तेच लिहिले. त्याखाली एका कच्छी बेनने गुजरातीत चार ओळी लिहिल्या. त्या ओळी तीन आठवडे तशाच पडून राहिल्या, कारण विचारणारीला ती लिपी येत नव्हती, आणि आम्हांपैकी कोणी त्या वाचून दाखवल्या नाहीत. एका शनिवारी सहज कोणी तरी मोठ्याने वाचल्या. त्यांत लिहिले होते: ‘माझ्या मुलीचेही असेच सांगत होते. तिला ऐकूच येत नव्हते. पाठीमागे ताट वाजवून पाहा, आणि ताट वाजवून वळला तरी कान तपासून घ्याच. वाट पाहू नका.’ तो मुलगा वळला नाही. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, 1983 पासून बहिऱ्या आणि वाचादोष असलेल्या मुलांसाठी काम करते. तिथे तपासणी झाली. आज त्या मुलाच्या कानाला यंत्र आहे आणि तो आईला ‘आई’ म्हणतो. धीर देणाऱ्या आम्ही सगळ्या मराठीत होतो, आणि खरे उपयोगाचे होते ते चार ओळींचे गुजराती. त्या दिवसापासून नियम केला की, दर शनिवारी परभाषेतली पाने मोठ्याने वाचून त्यांचे मराठी करायचे. तीन आठवडे गेले ते मात्र गेलेच. लहान मुलाच्या कानाच्या बाबतीत तीन आठवडे काही थोडे नव्हेत.

आता जे सांगायचे ते मला जड जाते, पण सांगितल्यावाचून वहीची बाजू पुरी होत नाही.

1979 साली मला दुसरी मुलगी झाली. थोरलीही मुलगीच. घरात कोणी वाकडा शब्द काढला नाही. नुसती सगळी गप्प झाली. बाळ रडले की मला राग येई, आणि राग आला म्हणून रडू येई. परातीत कणीक घेऊन बसावे आणि अर्धा तास हात तसाच राहावा. एके दुपारी मी बाळाला घेऊन गॅलरीत उभी होते. तेव्हा मनात जो विचार आला तो मी आजही उच्चारणार नाही. समोरच्या बिऱ्हाडात एक तामिळ मामी राहत. त्यांनी काय पाहिले कोण जाणे. त्या आल्या, बाळ माझ्या हातातून घेतले, मला आपल्या घरी नेऊन रसमभात वाढला. त्यांचे मराठी अर्धे, माझे तामिळ शून्य. त्या म्हणाल्या, ‘मला पण झाला होता. दुसऱ्या वेळी. चार महिना. मग गेला.’ भगिनींनो, ‘मग गेला’ हे दोन शब्द मी त्यानंतर कित्येक दिवस जपासारखे म्हणत होते. मामी रोज दुपारी दोन तास बाळ सांभाळायच्या. माझेही गेले. पण मी ते कोणाला सांगितले नाही. आईला नाही, यांना नाही, माझ्या त्याच मुलीला तर नाहीच. चाळीसहून अधिक वर्षे नाही.

आणि जिने स्वतःचे एवढे जपले, तिने दुसरीचे काय केले ते ऐका. 2022 साली वहीत एका मुलीने लिहिले की, बाळ झाले, पण मला त्याची माया येत नाही. मी वाईट बाई आहे का? नाव नव्हते. पण मंडळाच्या हिशेबात सह्या पाहणारी मी. अक्षर ओळखले. दुसऱ्या दिवशी बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता शेजारच्या बाईला बोलून गेले. वाईट हेतू नव्हता, कळवळ्यानेच बोलले. चार दिवसांत ते तिच्या सासूबाईंच्या कानांवर गेले. तिने वही वर्तमानपत्रात गुंडाळून रखवालदाराकडे परत पाठवली आणि मंडळात येणे बंद केले. मी तिच्या घरी क्षमा मागायला गेले. दार तिनेच उघडले. ‘काकू, तुम्हांला तर मी सांगितलेही नव्हते,’ एवढेच ती म्हणाली.

पुढे तिच्या सासूबाईंनीच तिला डॉक्टरांकडे नेले, औषधपाणी झाले, ती बरी आहे. ते माझ्या बोलण्यामुळे झाले असे म्हणून मी माझ्या मनाची समजूत घालणार नाही. ते त्या घराचे चांगुलपण. आज हे सांगू का, असे मी तिला फोन करून विचारले. ती म्हणाली, ‘सांगा. म्हणजे दुसऱ्या कोणाचे असे होणार नाही.’ तेव्हा वहीतून कटकटी होतात असे ज्या भगिनी म्हणतात, त्यांना माझे उत्तर हे की, झालेली कटकट वहीने केली नाही. माझ्या जिभेने केली. बंद करायचीच झाली तर जीभ बंद करावी.

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि 1979 सालचे सगळे लिहून काढले. वही परत आली तेव्हा उजव्या पानावर अकरा जणींचे अक्षर होते. त्यांतल्या सात जणींनी लिहिले होते, ‘मलाही.’ त्या सातांत आपल्या मंडळाच्या दोन माजी पदाधिकारीही होत्या, हे त्यांच्याच परवानगीने सांगते.

हे आपल्याच मुलुंडात होते असे समजू नका. गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात डॉक्टरांनी 270 गरोदर बायकांची पुढे बाळंतपणानंतरही चौकशी ठेवली. त्याचा अहवाल 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिले, तर शंभरात तेवीस जणी या उदासीने आजारी होत्या. गरिबी, नवऱ्याशी न पटणे, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, ही त्यामागची काही कारणे आढळली. पहिले आठदहा दिवस रडू येणे पुष्कळ बाळंतिणींना होते आणि ते आपोआप ओसरते. पण दोन आठवडे उलटले, तरी मन उठत नाही, झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो, तर तो आजार आहे. मधुमेहासारखा, दम्यासारखा आजार. त्याला उपाय आहेत.

मग नुसत्या बोलण्याने, लिहिण्याने काय होणार? असेही एकीने विचारले होते. याचे उत्तर झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी बायकांनी दिले आहे. चक्रधरपूरची ‘एकजूट’ ही संस्था. तिने 2005 ते 2008 अशी तीन वर्षे गावोगाव बायकांच्या मासिक बैठका चालवल्या. बैठक चालवणारी बाई त्याच भागातली. ती व्याख्यान देत नसे. गोष्ट सांगे, चित्रे दाखवी, आणि विचारी: तुमच्याकडे असे कोणाचे झाले होते का? मग बायका आपापले सांगत, त्यातून अडचण कोणती ते ठरवीत, आणि उपायही आपणच शोधीत. अशा गावांत आणि बैठका नसलेल्या गावांत पुढे तुलना केली. बैठकांच्या गावांत पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे 32 टक्क्यांनी कमी निघाले. तिसऱ्या वर्षी तर आयांमधली मध्यम स्वरूपाची उदासीही निम्म्याहून कमी झाली. औषधाची गोळी नव्हे, एकमेकींचे ऐकणे.

पण एका बाजूचेच सांगितले तर तो हिशेब खोटा होईल. आपल्या मुंबईतही ‘स्नेहा’ संस्थेने 2006 ते 2009 या काळात 48 झोपडवस्त्या निवडून त्यांतल्या निम्म्यांत बायकांच्या बैठका घेतल्या. इथे बाळांच्या मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. का? मला वाटते, इथे बहुतेक बाळंतपणे आधीपासूनच रुग्णालयात होतात, आणि वस्तीतली माणसे आज इथे तर उद्या तिथे. बैठकीने सगळे काही साधते असे नाही, एवढे त्यातून मी शिकले. वहीने ताप उतरत नाही, कानाचे यंत्र बसत नाही. वही इतकेच करते की, डॉक्टरांच्या दारापर्यंत जायला जी एक बाई सोबत लागते, ती मिळवून देते.

आणि परक्या जातीची, परक्या भाषेची बाई आपल्याला काय देणार, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आपल्याच गाडीने शीवला उतरावे. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी निघाली. आशियातली ती पहिली. अपुऱ्या दिवसांची, मुठीएवढी बाळे. त्यांच्या आयांना दूध नसते किंवा त्या स्वतःच अत्यवस्थ असतात. शेजारच्या खाटेवरच्या आईला बाळाला पाजून उरते. ती ते देते. देणाऱ्या आयांच्या तपासण्या होतात, अनेकींचे दूध एकत्र करतात, 62.5 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटे तापवतात, थंड करून, तपासून, गोठवून ठेवतात आणि लागेल तसे बाळांना देतात. धारावीची आई, मुंब्र्याची आई, मुलुंडची आई; एका भांड्यात सगळ्यांचे दूध. कोणते कोणाचे ते मग बाळाला कळत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. जे दुधाचे होते ते दोन शब्दांचे का होऊ नये?

राहिला आक्षेप एकच, की महिला मंडळाने असल्या खाजगी गोष्टींत पडू नये. आपल्याच उपनगरातला दाखला देते. मृणालताई गोरे पुढे पाण्यासाठी लढल्या, विधानसभेत आणि लोकसभेत गेल्या. पण 1950 नंतरच्या काळात गोरेगावच्या महिला मंडळात काम करताना त्यांनी हाती घेतलेल्या कामांत कुटुंबनियोजनाचे केंद्र होते. ज्या काळात तो शब्द बायका दाराआड उच्चारीत, त्या काळातली ही गोष्ट. त्यांनी भीड धरली असती तर किती आयांचे हाल झाले असते!

तेव्हा भगिनींनो, वही चालू राहावी अशी माझी विनंती आहे, आणि तिला जोडून तीन नियम सुचवते. एक, वही मंडळाच्या कपाटात कुलपात राहील, आणि जिला ती वाचायची असेल तिने आधी स्वतःचे एक पान लिहावे. फुकट वाचणे नाही. दोन, उजव्या पानावर उपदेश लिहू नये. आपल्यावर काय गुजरले ते लिहावे. ‘तू असे कर’ यापेक्षा ‘माझे असे झाले’ हे पुष्कळ पुढे जाते. तीन, वाचलेले तोंडातून बाहेर काढायचे नाही. मात्र जीव धोक्यात आहे असे एखाद्या पानावरून वाटले, तर त्या आईला लगेच गाठून, तिच्या सोबतीने डॉक्टरांकडे जायचे. सरकारचा 14416 हा ‘टेली मानस’चा फोन 2022 पासून रात्रंदिवस चालू आहे, पैसे पडत नाहीत, तो क्रमांक वहीच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

मामी आता नाहीत. त्यांना कधी नीट धन्यवाद दिले नाहीत, कारण ते शब्द कोणत्या भाषेत द्यावेत हेच मला सुचले नाही. पण मागच्या महिन्यात माझी ती धाकटी मुलगी माहेरी आली होती. तिला मी माझे पान वाचायला दिले. आपल्याच नियमाप्रमाणे तिला आधी स्वतःचे एक पान लिहावे लागले. ती रात्री उशिरापर्यंत लिहीत होती. काय लिहिले ते मी तुम्हांला सांगणार नाही.

चौथ्या वहीत अजून तीसेक पाने कोरी आहेत. पाचवी मी आणून ठेवली आहे. ती इथे टेबलावर आहे. निघताना जिला न्यायची असेल तिने चिटणीसबाईंना सांगून न्यावी.